ग्राफिक्स कार्ड घ्यायचं का? ठरावाआधी हे वाचा

ताईंनो, प्रभागसंघाचा कॉम्प्युटर हळू चालायला लागला की कोणीतरी सुचवतं, "ग्राफिक्स कार्ड टाका." पैसा आपल्या बचतीचा, म्हणून आधी समजून घ्या.

हे कार्ड पडद्यावर चित्र उमटवायचं काम करतं. हिशेब आणि अहवालासाठी ते वेगळं लागत नाही, बहुतेक प्रोसेसरमध्येच ती सोय असते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबरात शेवटी 'एफ' असेल, तर मात्र नसते. कॉम्प्युटर नुसता हळू असेल तर आधी रॅम आणि एसएसडीचं विचारा. व्हिडिओ एडिटिंगचं काम धरणार असाल, तर कार्डाचा उपयोग आहे.

बसवताना जवळ उभ्या राहून बघा :

१. स्विच बंद करून वायर काढलेली हवी.
२. मदरबोर्डवरच्या लांब स्लॉटमध्ये कार्ड सरळ दाबून बसवतात, मग स्क्रू लावतात.
३. स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते. मोठ्या कार्डाला एसएमपीएसची वेगळी वायर लागते. आपला एसएमपीएस तेवढा आहे का, खरेदीआधीच विचारा.
४. मॉनिटरची वायर आता कार्डाला लावायची. जुन्या जागी राहिली तर पडदा काळा दिसतो आणि कार्डच खराब आहे असं वाटतं.
५. ड्रायव्हर टाकून, चालू करून दाखवायला सांगा.

जामनेरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, पंख्याची धूळ काढत जा. बिल संघाच्या नावानेच घ्या, वॉरंटी लिहून घ्या आणि दोन्ही फाईलला लावा.