मन ओळखणारे यंत्र कोणाच्या हाती?

महाड औद्योगिक वसाहतीतील एक कंत्राटी कामगार मध्यंतरी आमच्याकडे सल्ल्यासाठी आला. 'वकीलसाहेब, डोकं जड होतं, छातीत धडधडतं, जेवणावर मन नाही,' एवढेच तो सांगत होता. नैराश्य हा शब्द त्याच्या तोंडी एकदाही आला नाही. रजा मागितली तर ठेकेदार कामावरून काढील, ही भीती मात्र होती.

आता माणसाचा आवाज, चेहरा, मोबाईलवर लिहिलेले शब्द आणि झोपेच्या वेळा तपासून संगणक नैराश्य ओळखील, असे सांगितले जाते. अमेरिकेतील रोझलिंड पिकार्ड यांनी १९९७ साली 'अफेक्टिव्ह कॉम्प्युटिंग' हा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून या संशोधनाला जोर आला. विज्ञानाला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच की, या यंत्राला कोणाच्या उदाहरणांवरून शिकवले?

यंत्र नमुन्यांवरून शिकते. ज्यांचे नमुने त्यात नाहीत, त्यांचे दुःख त्याला दिसत नाही. २०२४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास हेच सांगतो. फेसबुकवरील भाषेवरून गोऱ्यांचे नैराश्य जेवढे ओळखता आले, तेवढे कृष्णवर्णीयांचे आले नाही. 'मी', 'मला' हे शब्द वारंवार येणे ही गोऱ्यांमध्ये नैराश्याची खूण ठरली, कृष्णवर्णीयांमध्ये ठरली नाही. मग महाड-पोलादपूरच्या वाडीवस्तीवरची बोली त्या यंत्राला कशी कळणार? शिवाय यंत्र लक्षण मोजील; २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाहून गेलेला संसार, रात्रपाळी आणि उद्याच्या कामाची अनिश्चितता ही कारणे कोण मोजणार?

दुसरा धोका याहून मोठा आहे. हेच यंत्र मालकाच्या हाती गेले तर उपचाराआधी कामगाराची छाटणी होईल! युरोपियन संघाने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणेवर बंदी घातली. अपवाद फक्त वैद्यकीय व सुरक्षेच्या कारणांचा. आपल्याकडेही तशी स्पष्ट तरतूद झाली पाहिजे.

तोपर्यंत हाती असलेला कायदा वापरला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १८ सरकारी उपचाराचा हक्क देते, कलम २३ गोपनीयतेचा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते. कंपनीने संमतीचा कागद पुढे केला, तर वाचल्याशिवाय सही करू नका, युनियनला दाखवा.

२० मार्च १९२७ रोजी याच महाडात बाबासाहेबांनी पाणी मागितले नाही, हक्क बजावला. मनाच्या उपचाराबाबतही आम्हाला कोणाचे उपकार नकोत!