माळ्यावरचं पुस्तक

तारळी जिथं कृष्णेला मिळते त्या उंब्रजमध्ये, गेल्या पावसाळ्यात नववीच्या मुलांना मी आयझॅक असिमॉव्ह यांची ‘द फन दे हॅड’ ही १९५१ची कथा मराठीतून सांगितली. उद्याचं बिघडलेलं जग दाखवणाऱ्या, म्हणजे डिस्टोपियन कथांमधली ही मुलांच्या डोळ्यांनी सांगितलेली, फार छोटी आणि फार नेटकी कथा.

साल २१५७. शाळा उरलेल्या नाहीत, घरोघरी यंत्रमास्तर आहे. तेरा वर्षांच्या टॉमीला माळ्यावर छापील पुस्तक सापडतं आणि अकरा वर्षांच्या मार्गीला कळतं, की पूर्वी मास्तर माणूस असायचा, मुलं एकत्र बसून शिकायची. पानं पिवळी पडलीत आणि अक्षरं जागची हलत नाहीत, याचंच त्या दोघांना नवल. राज्य कुणाचं, कायदे कसले, यातलं काहीही असिमॉव्ह सांगत बसत नाहीत. एका पुस्तकावर अख्खं जग उभं राहतं. छोट्या कथेचं खरं बळ हेच.

२०२०च्या टाळेबंदीत माझ्या वर्गातली ही मुलं तिसरी-चौथीत होती. एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्यात एकच मोबाइल. दादा धडा बघायचा, मी मोबाइलचं मागचं झाकण.” वर्गात कुणी हसलं नाही. मला मात्र कथेतली उणीव तिथं दिसली. मार्गीकडे यंत्र आहेच. ते कुणाच्या घरी नाही, हा प्रश्नच कथेत येत नाही. शिवाय मार्गी हळहळते, पण करत काहीच नाही. रे ब्रॅडबरी यांची ‘ऑल समर इन अ डे’ (१९५४) मला म्हणूनच सरस वाटते. शुक्रावर सात वर्षांतून एकदा थोडा वेळ ऊन पडतं आणि नेमक्या त्याच वेळी वर्गातली मुलं मार्गो नावाच्या मुलीला कपाटात कोंडतात. तिथं दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही.

मराठीत जयंत नारळीकरांची ‘पुत्रवती भव’ याच वाटेवरची. ती मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण नववीच्या मुलांनी जरूर वाचावी. मुलगा हवा तर मुलगाच, अशी सोय विज्ञानानं हातात दिली तर काय होईल? तिच्यातली पात्रं कल्पनेच्या मागून चालतात, हे खरं. पण तिच्यातली भीती आपल्या माजघरातली आहे. २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणात १९ भ्रूण सापडले, तेव्हा मी ती पुन्हा काढून वाचली.

उंब्रजच्या त्याच मुलांना मग मी उद्याच्या जगाच्या गोष्टी लिहायला सांगितल्या. बहुतेकांनी काचेचे घुमट, रोबो आणि इंग्रजी नावाचे नायक रंगवले. २०१९चा महापूर या मुलांनी पाहिलेला, दुष्काळी माण-खटावमध्ये पाण्याचे टँकर त्यांच्या पाहुण्यांच्या दारात येतात. पण कागदावर त्यातलं काही उतरलं नाही. दोष त्यांचा नाही, त्यांच्यापुढे नमुनेच तसे आहेत. मुलांसाठी लिहिणाऱ्यांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: पुढच्या वर्षी दोन-तीन पानं मुलांसाठीच्या अशा डिस्टोपियन कथांना राखून ठेवा, आणि त्यांत आपल्या नद्या, आपली गावं येऊ द्या.