फ्रेमच्या बाहेरचं बेट

आईच्या साठाव्या वाढदिवसाला काय द्यायचं, हे मी आणि ताईनं दोन वर्षं आधीच ठरवून टाकलं होतं. मालदीव! तिचा पहिला पासपोर्ट, पहिला परदेश प्रवास. दोघींनी दर महिन्याला पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकले. रिसॉर्ट निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण ‘फोटोतलं तुलाच कळतं.’ मीही ते मन लावून केलं. म्हणजे काय केलं, तर रोज रात्री अंथरुणात पडून शेकडो रील्स पाहिली आणि ज्याचं पाणी सगळ्यात निळं ते रिसॉर्ट बुक केलं. त्यातही सूर्यास्ताच्या बाजूचा व्हिला, जास्तीचे पैसे भरून.

जुलैमध्ये आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा रीलमधला किनारा जागेवर नव्हता. अक्षरशः नव्हता. व्हिलासमोर वाळू भरलेल्या भल्यामोठ्या पिशव्या रचलेल्या आणि त्यांच्यावर लाटा आपटतायत. समोरच्या बेटावर भराव टाकायचं काम चाललेलं, त्यामुळे प्रत्येक फोटोत एक क्रेन. आई बिचारी ‘छान आहे गं, हवा किती स्वच्छ आहे’ म्हणत राहिली. पण फोटोला उभी राहिली की न सांगता दोन पावलं डावीकडे सरकायची, मागच्या पिशव्या दिसू नयेत म्हणून. तिचं ते सरकणं अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा वाटलं, आपल्याला फसवलं. नंतर शांतपणे शोधलं तर कळलं की रीलमधला फोटो खोटा नव्हता, तो फक्त दुसऱ्या ऋतूतला होता. मालदीवची बेटं म्हणजे प्रवाळांच्या कड्यावर साचलेली वाळू. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरसुद्धा वर नाही. साधारण डिसेंबर ते एप्रिल तिथे ईशान्येकडून वारा येतो, ते कोरडे दिवस. मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर नैर्ऋत्येकडून येतो, तोच आपल्याकडे पाऊस आणणारा. वारा फिरला की लाटांची दिशा फिरते आणि बेटाची वाळू एका बाजूनं उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसते. म्हणजे जुलैमध्ये पश्चिमेकडचा किनारा हडकतो आणि पूर्वेकडचा भरतो. मी पश्चिमेचा व्हिला घेतला होता. सूर्यास्तासाठी! आणि सूर्य ढगात.

तर पहिली गोष्ट, रील बंद करा आणि नकाशा उघडा. मालदीवमध्ये साधारण १,२०० बेटं आहेत आणि बहुतेक वेळा एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. त्यामुळे रिसॉर्टचं नाव टाकून उपग्रहाचं दृश्य लावलं की तुमची अख्खी सुट्टी वरून दिसते. हे वाचायला शिकायला दहा मिनिटं लागतात. फिकट, दुधाळ निळा भाग म्हणजे उथळ लगून आणि खाली पांढरी वाळू. हाच तो ‘मालदीव ब्लू’. पाणी उजेडातला लाल रंग शोषून घेतं आणि तळाची पांढरी वाळू उरलेला निळा-हिरवा उजेड परत वर फेकते. (ही वाळू बनवण्यात मोठा हात पॅरटफिश नावाच्या माशाचा. तो प्रवाळ कुरतडतो आणि पोटातून वाळू बाहेर टाकतो. ज्या वाळूवर आपण हात पसरून झोपतो ती नेमकी काय आहे, हे आईला सांगितल्यावर तिनं टॉवेल अंथरला.) तपकिरी, ठिपकेदार पट्टा दिसला तर तो प्रवाळ आणि त्यापलीकडे एकदम गडद निळं म्हणजे खोल समुद्र.

इथे एक निवड करावीच लागते, जी माहितीपत्रकात कुणी सांगत नाही. लगून रुंद असेल तर पाण्यावरच्या व्हिलाचे फोटो स्वप्नासारखे येतात, पण मासे बघायचे तर होडी करून लांब जावं लागतं. प्रवाळ किनाऱ्याला चिकटून असेल तर पायऱ्या उतरलात की कासव दिसू शकतं, पण पाणी दहा पावलांत काळपट होतं आणि फोटोत ‘तो’ रंग येत नाही. दोन्ही एकाच बेटावर असलेली ठिकाणं आहेत, पण त्यांचे भाव बघून मी टॅब बंद केला होता. त्यामुळे बुक करण्याआधी स्वतःला विचारून ठेवा की पाण्याच्या वरचे फोटो हवेत की खालचे.

नकाशात आणखी दोन गोष्टी बघायच्या. उत्तर कुठे आहे आणि शेजारी कोण आहे. शेजारचं बेट चौकोनी, सरळ कडांचं दिसलं तर तिथे भराव झालाय, कदाचित अजून चालू असेल. किनाऱ्यापासून समुद्रात काटकोनात दगडांच्या रांगा गेल्या असतील तर वाळू टिकवण्याची धडपड चाललीय असं समजा. उपग्रहाचं चित्र जुनं असू शकतं, म्हणून गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रंही चाळा. मग पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा, पण ‘सगळ्यात नवे’ लावून आणि आपण जाणार त्याच महिन्यातले. शेवटी रिसॉर्टला सरळ मेल करा: आम्ही अमुक महिन्यात येतोय, कुठल्या बाजूच्या व्हिलांसमोर तेव्हा वाळू असते, पिशव्या कुठे आहेत, आसपास बांधकाम आहे का? लाजू नका. लाखभर रुपये देणाऱ्यानं एवढं विचारायला हरकत नाही. आणि उत्तरात फक्त ‘आमचं नंदनवन तुमची वाट पाहत आहे’ असं आलं, तर उत्तर मिळालं म्हणायचं.

आता थोडं अप्रिय. काही लगूनमध्ये गडद हिरवे डाग दिसतात, ते समुद्री गवत. ते फोटोत ‘घाण’ दिसतं, पाहुणे तक्रार करतात, म्हणून अनेक रिसॉर्ट्सनी ते उपटून काढलं. हिरवं कासव हेच गवत खातं, माशांची पिल्लं त्यातच वाढतात आणि त्याची मुळं वाळू धरून ठेवतात. म्हणजे निळा एकसारखा दिसावा म्हणून गवत काढायचं, मग वाळू सुटली की पिशव्या रचायच्या. २०१९ मध्ये तिथे हे गवत वाचवण्यासाठी मोहीम झाली आणि कितीतरी रिसॉर्ट्सनी आपल्या भागातलं गवत राखायचं मान्य केलं. मी हे आधी वाचलं असतं तर निवड करताना ‘पाण्यात डाग आहेत’ म्हणून ज्या बेटावर फुली मारली होती, तिथेच गेले असते. त्या निळ्या रंगाची मागणी माझ्यासारख्यांच्याच अंगठ्यातून निघते, हे पटायला जड गेलं.

उजेडाबद्दल. मालदीव विषुववृत्ताच्या इतकं जवळ आहे की वर्षभर सूर्य साधारण सहाला उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. मावळतो तोही घाईत. आपल्याकडे मे महिन्यात रेंगाळणारी संध्याकाळ तिथे नाही. केशरी उजेड आला म्हणेपर्यंत गेला, म्हणून तयारी आधी करून ठेवा. काही रिसॉर्ट्स स्वतःचं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, त्यात आमचा पहिला सूर्योदय हुकला. पाण्याचा रंग हवा असेल तर मात्र भर दुपार, सूर्य डोक्यावर असताना. तेव्हा चेहरे वाईट येतात, डोळ्यांखाली सावल्या पडतात. त्यामुळे माणसं सकाळी आणि पाणी दुपारी. पांढऱ्या वाळूवर फोन गोंधळतो आणि माणूस काळवंडतो, तेव्हा चेहऱ्यावर टॅप करून उजेड थोडा वाढवा. आणि कृपा करून सगळ्यांसारखा पांढरा झुळझुळीत ड्रेस घेऊ नका. त्या निळ्यावर हळदी किंवा राणी रंग काय उठतो! आईचा लग्नातला पिवळा दुपट्टा सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात फोटोजेनिक सदस्य होता.

सीप्लेनबद्दल एकच. वरून दिसणारी बेटं म्हणजे कमाल, पण ही विमानं फक्त दिवसा उडतात. तुमचं मुंबईहून येणारं विमान दुपारी उशिरा उतरणार असेल, तर ती रात्र मालेला काढावी लागू शकते आणि भाडं माणशी काहीशे डॉलर, परतीसकट. खोलीचा भाव स्वस्त दिसला की आधी ‘ट्रान्सफर’चा आकडा बघा. मग कर, सेवाशुल्क आणि माणशी रोजचा ग्रीन टॅक्स. ड्रोन बॅगेत टाकायच्या आधी परवानग्यांचं बघा, नाहीतर तो बॅगेतच राहतो.

आमचं बजेट दोनच रात्रींच्या रिसॉर्टचं होतं. पुढच्या तीन रात्री फुलिधू नावाच्या छोट्या बेटावरच्या गेस्टहाऊसमध्ये होत्या. २००९ नंतर मालदीवमध्ये स्थानिक वस्तीच्या बेटांवरही पाहुण्यांना ठेवायला परवानगी मिळाली. त्याआधी पर्यटक रिसॉर्टवर आणि स्थानिक लोक आपापल्या बेटांवर, असा कारभार होता. ही मुस्लीम वस्तीची गावं आहेत. दारू मिळत नाही, गावात अंगभर कपडे घालायचे आणि बिकिनीसाठी वेगळा किनारा राखलेला असतो. आई पंजाबी ड्रेसमध्ये होती, तिला काही बदलावंच लागलं नाही. उलट रिसॉर्टवर ती जरा अवघडलेली होती, इथे आल्यावर सैल झाली. दारातल्या बायकांशी खुणांनी बोलायला लागली. गल्लीगल्लीत लोखंडी चौकटीला दोर विणून केलेल्या खुर्च्या असतात, त्यांना तिथे जोली म्हणतात. संध्याकाळी सगळं गाव त्यात बसून गप्पा मारतं. आईनं पहिल्याच दिवशी एक जोली पकडली ती पकडलीच.

फुलिधूच्या धक्क्याजवळच्या किनाऱ्यावर संध्याकाळी स्टिंगरे येतात. ताटाएवढे, काही परातीएवढे, घोट्याएवढ्या पाण्यात. त्यांच्या शेपटीत काटा असतो, म्हणून त्यांना धरायचं नाही, अंगावर पाय द्यायचा नाही, आपण स्तब्ध उभं राहायचं. आईनं सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उभी राहिली. एक स्टिंगरे तिच्या पायाला घासून गेला. ती ओरडली, मग हसायला लागली, मग ओरडत हसायला लागली. मागे मच्छीमारांच्या धोणी, एक निळा प्लॅस्टिकचा पिंप, वाळत टाकलेलं कुणाचं तरी टी-शर्ट. आभाळ राखाडी. ताईनं फोनवर पटापट पंधरा-वीस फोटो काढले. त्यातला एक आता हॉलमध्ये लावलाय. रिसॉर्टवरचे तीनशे फोटो अजून ड्राइव्हवर आहेत, मी परत उघडलेले नाहीत.

म्हणून रिसॉर्टवर जाऊच नये, असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारीत, नीट बाजू बघून गेलं तर पाण्यावरच्या त्या लाकडी व्हिलातली सकाळ खरंच वेगळी असते आणि ती एकदा तरी बघायची इच्छा होणं यात काही चूक नाही. पावसाळाही वाया नसतो. बा अटॉलमधल्या हनिफारू उपसागरात जून ते नोव्हेंबर मांटा रे जमतात, तेही नेमके नैर्ऋत्य वाऱ्यांच्या दिवसांत. फक्त किनारा आणि मांटा दोन्ही एकाच आठवड्यात मागू नका. तसंच ‘चांदण्यांचा समुद्र’. लाटेत निळे दिवे लागल्याचे ते फोटो बहुधा काही सेकंद कॅमेरा उघडा ठेवून काढलेले असतात. डोळ्यांना दिसतं ते फार मंद आणि दिसेलच असंही नाही. आम्हाला दिसलं नाही. असा निळा उजेड आपल्या कोकणातही काही हिवाळ्यांत किनाऱ्याला लागलेला लोकांनी पाहिलाय, तिथे जायला पासपोर्टही लागत नाही.

गेल्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला होता. लग्न जानेवारीत, नंतर दोघं मालदीवला जायचं म्हणतायत. तिनं तीन रिसॉर्ट्सच्या लिंक पाठवल्या, तिन्ही निळ्याशार. मी काही बोलायच्या आत आईनं फोन घेतला, चष्मा लावला आणि नकाशा मोठा करत म्हणाली, ‘‘अगं, हे बेट वरच्या बाजूला खाल्लेलं दिसतंय बघ. त्यांना आधी पिशव्यांचं विचार. आणि तुझा तो पिवळा शालू आहे ना, त्याची ओढणी घेऊन जा.’’