तरुणांची जलद नाडी



नोकरीपूर्वीच्या तपासणीसाठी आलेला एक धडधाकट तरुण एकदा माझ्यासमोर बसला होता. नाडी मोजली, ती 108 भरली. पुन्हा मोजली, तो 112! मी घड्याळाकडे पाही, तो माझ्या चेहऱ्याकडे पाही, आणि नाडी आणखी चढे. मी त्याला बाहेर बाकावर बसविले. वीस मिनिटांनी पाहतो, तर स्वारी डुलक्या घेत होती. नाडी 84! पहिला आकडा लिहून मी मोकळा झालो असतो, तर त्याची नोकरी बहुधा गेलीच असती.

स्वस्थ बसलेल्या प्रौढाची नाडी मिनिटाला 60 ते 100 असावी, असे आम्ही डॉक्टर मानतो. पण ही काही गावाची वेस नव्हे, की पलीकडे पाऊल पडताच मुलूख बदलला. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. कीथ व फ्लॅक या दोघांनी 1907 साली त्याचे वर्णन केले. ठोक्यांचा ताल धरतो तो हाच. गंमत अशी की, याला मोकळे सोडले तर तरुण वयात तो मिनिटाला शंभर किंवा थोडे अधिकच ठोके देतो! मग आपली नाडी सत्तर-बहात्तर कशी? मेंदूकडून येणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याला अष्टौप्रहर आवरून धरतो, म्हणून. दुसऱ्याचे हृदय बसविताना हा तंतू तुटतो. अशा रोग्याची नाडी विश्रांतीतही 90 ते 110 च्या घरात राहते. तेव्हा तरुणाची नाडी जलद लागली म्हणजे घोडा बिथरला असे नव्हे. पुष्कळदा लगाम सैल झालेला असतो, एवढेच. टाच मारणारे मज्जातंतूही आहेतच. भीती, जागरण, तंबाखू, चहावर चहा, उन्हात पाण्यावाचून हिंडणे, ही सारी त्यांची निमंत्रणे!

आणि बैठे आयुष्य. विश्रांतीत हृदय एका ठोक्याला सुमारे 70 मिलीलिटर रक्त पुढे ढकलते. नियमित व्यायामाने हे प्रमाण वाढते, मग तेवढ्याच कामाला थोडे ठोके पुरतात. कसलेल्या धावपटूची नाडी चाळीस-पन्नासही असते.

मात्र सगळेच हसण्यावारी नेऊ नये. पंडुरोग, थायरॉइडचा विकार, अंगात मुरलेला ताप यांतही नाडी चढते. भेद पुष्कळदा झोपेत कळतो. धास्तीने चढलेली नाडी झोपेत उतरते. थायरॉइड बळावले असेल तर ती तिथेही चढीच राहते. हल्लीची मनगटी घड्याळे रात्रीचे ठोके मोजतात. त्यांचा एवढा उपयोग जरूर करावा, दिवसभर आकड्यांकडे पाहून धास्ती मात्र वाढवू नये.

घड्याळ नसेल तर सकाळी अंथरुणातच, दोन बोटांनी, पूर्ण मिनिटभर नाडी मोजावी. अंगठा नको, त्याला स्वतःचीच नाडी असते. असे आठवडाभर करावे. आकडा सतत शंभरावर राहिला, वजन उतरू लागले, हात कापू लागले किंवा ताल चुकू लागला, तर रक्त आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले, तर आठवडाभर थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.