सेकंडहँड गाडीतला सिगारेटचा वास: झाकू नका, मुळातून काढा

जुनी का होईना, पण स्वतःची गाडी दारात आली की घरात ईद असल्यासारखं वाटतं. आमच्याकडेही तसंच झालं. देवगाव रंगारीहून शहरात जायचं म्हणजे एसटीची वाट पाहायची, नाहीतर काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसायचं. अम्मीची तपासणी, पोरांचा दवाखाना, नात्यातली लग्नं, या सगळ्यासाठी साठवलेल्या पैशांतून आम्ही एक छोटी सेकंडहँड गाडी घेतली. विकणाऱ्यानं ती चकाचक धुऊन, आत परफ्यूमची बाटली लावून दिली होती.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी गाडी दुपारभर उन्हात उभी होती. दार उघडलं आणि सिगारेटचा असा भपकारा आला की अम्मीनं पदर नाकाला लावला. आमच्या धाकटीला दम्याचा त्रास आहे. शहराकडे निघालो, तर वेरूळ येईपर्यंत तिला खोकल्याची उबळ थांबेना. ज्या पोरीच्या दवाखान्यासाठी गाडी घेतली, त्याच गाडीत तिचा जीव गुदमरू लागला. मग आम्ही हा विषय नीट समजून घेतला. अशी गाडी घेतलेली किंवा घेणार असलेली अनेक घरं आहेत, म्हणून हे लिहीत आहोत.

धूर गेला, मग वास का राहतो?

सिगारेट किंवा बिडी विझली की दिसणारा धूर जातो. पण त्यातलं निकोटीन आणि डांबरासारखा चिकट अंश काचेवर, छताच्या कापडावर, सीटच्या फोममध्ये, एसीच्या नळ्यांमध्ये बसतो. गाडी तापली की तोच अंश पुन्हा हवेत सुटतो. म्हणून सकाळी न येणारा वास मराठवाड्याच्या उन्हात दुपारी दुप्पट येतो.

ओढणाऱ्याचा धूर पहिला, शेजाऱ्याच्या नाकात जातो तो दुसरा, आणि वस्तूंवर चिकटून राहतो तो 'तिसऱ्या हाताचा धूर', असं शास्त्रज्ञ म्हणतात. अमेरिकेत सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी विक्रीला काढलेल्या वापरलेल्या गाड्याच तपासल्या. त्यांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गाड्यांत मालक सिगारेट ओढत होते, तिथल्या धुळीत, डॅशबोर्डवर आणि हवेत निकोटीन स्पष्टपणे जास्त सापडलं. पुढे 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं दाखवलं, की चिकटलेल्या निकोटीनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी प्रक्रिया होऊन कॅन्सरला कारण ठरू शकणारे पदार्थ तयार होतात. लहान मुलं सीटला हात लावतात आणि तोच हात तोंडात घालतात. म्हणजे प्रश्न फक्त नाकाचा नाही.

या चुका आम्हीही केल्या

पहिल्या आठवड्यात आम्ही अत्तराचा फाया ठेवला. वास गेला नाही, अत्तर आणि सिगारेट असा तिसराच वास तयार झाला. मग कुणीतरी गाडीत लोबान फिरवायला सांगितलं. धूर काढायला पुन्हा धूरच, त्यात दम्याचं लेकरू! ते आम्ही केलं नाही.

डांबराच्या गोळ्या तर बंद गाडीत अजिबात ठेवू नका. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एक एन्झाइम कमी असतं, त्यांच्या लाल पेशी या गोळ्यांमुळे फुटू शकतात. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

साफसफाईचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. आधी चिकट थर काढायचा, मग उरलेला वास ओढून घ्यायचा.

1. गाडी रिकामी करा. ॲशट्रे, मॅट, सीट कव्हर, डिकीतला कार्पेट, सगळं बाहेर. ॲशट्रे आणि रबरी मॅट साबणानं धुऊन उन्हात टाका. सीटच्या फटीतली राख व्हॅक्यूमनं ओढून काढा.

2. काचा आतून पुसा. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन-तीन भाग पाणी. निकोटीनचा थर सुटायला आंबट द्रवाची मदत होते. पहिल्याच फडक्यावर जो पिवळा-तपकिरी डाग उतरला, तो पाहून आमच्या घरात सगळे गप्प झाले.

3. डॅशबोर्ड, दारं, स्टिअरिंग. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून पुसा, मग स्वच्छ ओल्या फडक्यानं परत पुसा. फडकं वारंवार बदला, नाहीतर इथला थर तिथं लागतो. स्क्रीन आणि बटणांवर पाणी जाऊ देऊ नका.

4. छत. लोक हेच विसरतात. धूर वर जातो, म्हणून सगळ्यात जास्त थर ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो. फडकं घट्ट पिळून, एकाच दिशेनं हलकेच फिरवा. भिजवलं किंवा घासलं तर आतला गोंद सुटतो आणि कापड लोंबकळतं.

5. सीट बेल्ट. पूर्ण बाहेर ओढून कपड्यांच्या चिमट्यानं अडकवा, साबणाच्या पाण्यानं पुसा, वाळल्यावरच आत सोडा. ब्लीच लावू नका, पट्टा कमजोर होतो.

6. कापडी सीट आणि कार्पेट. साबणाच्या फेसानं पुसून पूर्ण वाळवा. मग रात्री खाण्याचा सोडा भुरभुरवा आणि सकाळी व्हॅक्यूम करा. सोडा वास ओढतो, थर काढत नाही, म्हणून तो शेवटी. सोडा आणि व्हिनेगर एकत्र वापरू नका, दोघं एकमेकांचा जोर मारतात.

7. एसी. बहुतेक नव्या गाड्यांत हवेची जाळी, म्हणजे केबिन फिल्टर, ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. तो धुवायच्या भानगडीत न पडता बदलाच. जुन्या छोट्या गाड्यांत काही वेळा फिल्टर नसतोच, मेकॅनिकला विचारा. आतली कुलिंग कॉइल फोमनं साफ करून घ्या. नंतर काचा उघड्या ठेवून, बाहेरची हवा आत घेणाऱ्या सेटिंगवर पंखा जोरात चालवा.

पाण्याची टंचाई असली तरी काळजी नको. हे सगळं काम आमच्याकडे तीन-चार बादल्यांत झालं. गाडी आतून धुवायची नसते, पुसायची असते. ओल राहिली तर सिगारेटच्या जागी कुबट वास येतो. म्हणून हे काम कडक उन्हाच्या दिवशी करा आणि दारं उघडी ठेवा.

तरीही वास राहिला तर?

एकदा करून थांबू नका. आम्ही हाच क्रम तीन रविवार केला. वास बराच गेला. पण खरं सांगायचं तर गाडी फार तापली की छताजवळ अजून किंचित जाणवतो. फोममध्ये मुरलेला अंश घरी पूर्ण निघत नाही.

शहरातल्या वर्कशॉपमध्ये वाफेनं सफाई होते, ओझोन मशीनही लावतात. ओझोन फुप्फुसांना घातक आहे. मशीन चालू असताना गाडीत कुणीही बसू नये आणि नंतर गाडी बराच वेळ उघडी ठेवावी. दम्याचं माणूस घरात असेल, तर घाई नकोच.

गाडी घेण्याआधी

सौदा भर दुपारी करा. गाडी उन्हात उभी करून काचा बंद ठेवायला सांगा, मग दार उघडून वास घ्या. परफ्यूमचा मारा असेल तर बाटली काढायला लावा. ड्रायव्हरच्या वरचं छत पिवळट आहे का, सीटवर जळाल्याचे बारीक डाग आहेत का, हे बघा. विकणाऱ्याला सरळ विचारा, "भाऊ, गाडीत कोण ओढत होतं का?" सापडलं तर सफाईचा खर्च किमतीतून कमी करून घ्या.

आणि आपल्या घरातला धूर?

सगळ्यात अवघड भाग हा होता. आमचे मामू बिडी ओढतात. गाडी साफ झाल्यावर पहिल्याच फेरीत त्यांनी काच खाली करून बिडी काढली. वडीलधाऱ्या माणसाला कसं सांगायचं? शेवटी धाकटीच म्हणाली, "मामू, मला खोकला येतो." त्यांनी बिडी परत खिशात ठेवली. आता ते वाटेत चहाला उतरतात, तिथंच ओढतात. काच खाली केली तरी धूर आत फिरतोच, हे त्यांनाही पटलं.

आपल्याकडे 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनुसार बस, काळी-पिवळीसारख्या सार्वजनिक वाहनात धूम्रपान केल्यास 200 रुपयांपर्यंत दंड आहे. इंग्लंडमध्ये तर 2015 पासून 18 वर्षांखालचं मूल बसलेलं असेल तर खासगी गाडीतही सिगारेट ओढता येत नाही. आपल्या खासगी गाडीचा नियम मात्र आपल्यालाच करावा लागतो. आमचा एकच आहे: गाडी चालू असो की उभी, आत कुणीही पेटवायचं नाही, पाहुणा असला तरी.

ज्यांना बिडी-सिगारेट सोडायचीच आहे, त्यांच्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: 1800-11-2356. मामूंना हा नंबर आम्ही लिहून दिला आहे. अजून त्यांनी फोन केलेला नाही, पण चिठ्ठी फेकलेलीही नाही.