त्वचेची हद्द आणि औषधाचे सूक्ष्म वाहक

चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी सुई न टोचता, केवळ त्वचेवर इन्सुलिन लावून, मधुमेही उंदरांच्या व छोट्या जातीच्या डुकरांच्या रक्तातील साखर उतरविल्याचे वृत्त आल्यापासून, रोज स्वतःच्या पोटात सुई खुपसून घेणाऱ्या रुग्णांच्या मनात जी आशा पालवली आहे, तिचा अनादर करण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु त्वचेचा बंदोबस्त किती कडक असतो, हे ध्यानी घेतल्याखेरीज त्या आशेचे मोल ठरविता येणार नाही.

त्वचेचा बाह्यतम, मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणी अवघा १० ते २० मायक्रॉन जाडीचा. तथापि पेशींच्या विटा आणि मेदाचा चुना यांनी रचलेली ही भिंत साधारणतः ५०० डाल्टनहून जड रेणूस मज्जाव करते, आणि इन्सुलिनचा रेणू तर सुमारे ५८०० डाल्टनचा. अमेरिकेत १९७९ साली मंजुरी मिळालेली, प्रवासातील मळमळीवरची स्कोपोलामिनची पट्टी यशस्वी ठरली, ती रेणू लहान होता म्हणून.

म्युनिकचे ग्रेगोर त्सेव्त्स यांनी यावर मोठी विलक्षण तोड काढली: मेदाच्या अतिसूक्ष्म पुटिका इतक्या लवचीक करावयाच्या, की बाहेरच्या कोरड्या थराकडून आतल्या ओलाव्याकडे ओढल्या जाताना त्या आपल्याहून अरुंद फटींतून अंग चोरून पार व्हाव्यात. ही कल्पना मला आजही मोहविते. म्हणूनच २०१३ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी विसरता येत नाही. गुडघ्याच्या संधिवाताच्या सुमारे १४०० रुग्णांपैकी काहींना कीटोप्रोफेनने भरलेल्या पुटिकांचे मलम, काहींना औषधच नसलेल्या पुटिकांचे, तर काहींना पोटात घ्यावयाच्या गोळ्या, खऱ्या वा औषधविरहित, बारा आठवडे देण्यात आल्या. आणि औषधविरहित गोळ्यांहून दोन्ही मलमे सरस ठरली, परंतु भरलेली पुटिका रिकाम्या पुटिकेहून सरस ठरली नाही! रुग्णांस आराम पडला हे खरे; मात्र औषध त्वचेपार गेल्यामुळेच तो पडला, हा दावा शाबीत झाला नाही, आणि रिकामी पुटिका तुलनेस ठेवली नसती, तर हे कधी उघडकीसही आले नसते.

वेदना रुग्णाने सांगावयाची असते, साखर रक्तातच मोजता येते. त्या अर्थी इन्सुलिनची परीक्षा अधिक निर्णायक होईल. पण येथे मात्रा थोडी अधिक झाली तरी रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. घामेजलेली, राठ वा वार्धक्याने विरलेली त्वचा दररोज तेवढेच औषध आत घेते काय, हे सांगणारा आकडा मानवी चाचण्यांच्या अहवालात मी सर्वांआधी शोधीन.