धर्मादाय रुग्णालयातला राखीव बेड कसा मिळवायचा?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. तरी दुखणे मोठे असले की रिसोड-मानोऱ्याच्या रुग्णाला आजही बहुधा अकोला, अमरावती नाहीतर नागपूर गाठावे लागते. तिथे काउंटरवर डिपॉझिटचा आकडा ऐकून नातेवाईक हबकतात आणि शेत गहाण टाकायच्या गोष्टी सुरू होतात. त्याआधी एक चौकशी करावी: हे रुग्णालय धर्मादाय आहे का?

धर्मादाय म्हणजे सार्वजनिक ट्रस्टने चालवलेले. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेली योजना अशा रुग्णालयांना लागू आहे. चालू बेडपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात. दोनशे बेड असतील, तर वीस आणि वीस. ही मेहेरबानी नव्हे, तेव्हा आपण मागताना संकोचू नये.

पाटीवर ‘धर्मादाय’ शब्द दिसला नाही, तर पावतीवर ट्रस्टचे नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे.

आता पात्रता. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकातला. निर्धनाला बिल नाही. दुर्बल घटकाला सवलतीच्या दराने बिल लागते, औषधे आणि साहित्य खरेदीच्या किमतीला मिळते, पण त्यातला निदान अर्धा खर्च त्याने सोसायचा असतो. ‘सगळे फुकट’ समजून गेलेल्यांचा इथेच वाद होतो.

कागद तीन: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार. घोडे अडते ते दाखल्यावर. आधी तलाठ्याचा अहवाल, मग सेतू केंद्रात अर्ज, आणि त्यात दिवस जातात. रुग्ण नागपुरात, दाखला मंगरुळपीरच्या तहसीलीत, अशी स्थिती नेहमीची. मुदत संपलेला दाखलाही चालत नाही.

रुग्णालयात पोचल्यावर काउंटरवर वाद घालण्यात वेळ घालवू नये. वैद्यकीय समाजसेवकाला गाठावे. कागद तपासून राखीव बेडची शिफारस करणारा हा कर्मचारी. त्याच्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे उशीर. बरेच जण आधी साधा रुग्ण म्हणून भरती होतात, पैसे भरत राहतात आणि डिस्चार्जच्या दिवशी बिल पाहून अर्ज करतात. तोवर हिशेब झालेला असतो. मग उरते ती विनवणी. अर्ज भरतीच्या दिवशीच करावा.

रुग्ण अत्यवस्थ असेल, तर डिपॉझिटसाठी त्याला दाराशी ताटकळत ठेवता येत नाही. आधी दाखल करून त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. कागद नंतर देता येतात.

‘राखीव बेड भरलेत’ हे उत्तर खरेही असू शकते, पण तोंडी ऐकून परतू नये. किती बेड, किती भरलेले, हे विचारावे आणि नकार लेखी मागावा. शिवाय राखीव बेडवरच्या रुग्णांचा खर्च भागवण्यासाठी रुग्णालयाला इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त बाजूला काढावी लागते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वेगळी, सरकारची. उपचार तिच्यात बसत असेल तर आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या त्या योजनेच्या मदतनिसाला, आधी भेटावे. योजनेचा टोल-फ्री क्रमांक १५५३८८.

एवढे करूनही दाद लागली नाही, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करावी. मात्र वाशिमच्या नव्हे. रुग्णालय ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या.

घरात कुणाचे दुखणे जुने असेल, तर उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा.